मिलोच्या भाकरीचा काळ आणि नाईकसाहेब

अनसिंग (जि. वाशीम) : वैशाखात वाशीमहून पुसदकडे निघालेल्या माणसाला अनसिंगपर्यंत पोचेतो दोन-तीन वावटळी तरी आडव्या येतात. नांगरून, वखरून मोकळी पडलेली काळी जमीन उन्हाने भाजून निघालेली असते. तिच्यावरून वारा फिरला की मातीचा खांब उभा राहतो, शिवार ओलांडतो आणि बांधावरच्या एखाद्या बाभळीत जाऊन विरतो. रस्ता डांबरी झाला, रुंदही झाला. धूळ मात्र शेतातून येते आणि ती जुनीच आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसांपाशी या धुळीचा विषय काढला, तर बोलणे फिरून फिरून एका सालावर येते. ते साल १९७२. बहात्तरचे बोलणे निघाले की मिलोची भाकरी निघते आणि तिच्या पाठोपाठ नाईकसाहेब निघतात.

वसंतराव फुलसिंग नाईक यांना जाऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला. दर वर्षी १ जुलैला कृषी दिन साजरा होतो. सरकारी कार्यालयांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, हरितक्रांतीचे प्रणेते, शेतकऱ्यांचे कैवारी अशी विशेषणे ओळीने येतात आणि दुपारच्या आत कार्यक्रम आटोपतो. वाशीमकरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला तो १९९८ सालच्या १ जुलैलाच. त्यामुळे त्या दिवशी इथे भाषणांची संख्या थोडी अधिक असते. या विशेषणांच्या ढिगाखाली मूळचा माणूस मात्र दडपला गेला आहे. राज्याला धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याची प्रतिज्ञा ज्याने भर सभेत केली आणि पुढे ज्याच्याच कारकिर्दीत लाखो लोकांना परदेशी लाल धान्य खाऊन दिवस काढावे लागले, तो हा माणूस. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय नाईक कळत नाहीत.

त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यावरचा. तांडा हा शब्द आज आपण वस्तीच्या अर्थाने वापरतो. मुळात तो चालणाऱ्या माणसांचा आणि बैलांचा जथा होता. बंजारा समाजाचा सारा इतिहास बैलाच्या पाठीवरून चालत आला आहे. मीठ, धान्य, कापड असा माल गोण्यांत भरून शेकडो, प्रसंगी हजारो बैलांचे तांडे देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. सैन्याला रसद पुरवण्याचे कामही त्यांच्याकडे असे. मुक्काम पडला की गोण्यांची थप्पी लागायची, बैल चरायला सुटायचे, तीन दगडांची चूल मांडली जायची आणि सकाळी राख तेवढी मागे उरायची. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका आणि रेल्वे आली आणि हा व्यापार बघता बघता संपला. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर सचोटीने व्यापार केलेल्या लोकांपैकी अनेकांच्या कपाळी पोलिसी हजेरी आली.

चालणे थांबले तसे तांडे जागोजाग बसले. पुसद, दिग्रस, मानोरा, मंगरूळपीर या पट्ट्यात डोंगर होते, कुरणे होती, पाणी होते. गुरे बाळगून असलेल्या लोकांना एवढे पुरेसे होते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे समाधिस्थान याच पट्ट्यात आहे. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी गहुलीत असाच तांडा वसवला आणि रानातली जमीन कष्टाने लागवडीखाली आणली. नाईक हे या घराण्याचे मूळचे आडनाव नव्हे, कूळ राठोडांचे. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत; तो मान चतुरसिंगांकडे होता, पुढे फुलसिंगांकडे आला आणि शाळेच्या दाखल्यात आडनाव होऊन बसला. व्यापारी तांड्यातून शेतकरी झालेल्या घरातली ही तिसरी पिढी. गुरांचे मोल तिला वारशानेच ठाऊक होते आणि जमिनीचे मोल नव्याने कळलेले होते.

त्या काळच्या तांड्यावरचे स्वयंपाकघर म्हणजे पसाऱ्याची गोष्ट नव्हती. जात्यावर दळलेली ज्वारी, चुलीवर हाताने थापलेली भाकरी, अंबाडीची भाजी, लाल तिखट, गुरे दुभती असली तर दूध आणि ताक. धान्य थोडे असले की त्याच ज्वारीच्या कण्या शिजायच्या, आणखी थोडे असले की पातळ आंबील व्हायची. हुरड्याच्या दिवसांत मात्र रानातच चूल पेटायची आणि कोवळ्या कणसांचा सुगंध शिवारभर पसरायचा. ज्वारीचे ताट माणसापेक्षा उंच वाढायचे. कणीस माणसाला, कडबा बैलाला, धसकटे चुलीला असा तिचा हिशेब होता. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

फुलसिंग आणि होनूबाई यांनी मुलाला शिकवायचे ठरवले, ही त्या काळच्या तांड्यासाठी साधी गोष्ट नव्हती. तांड्यावर शाळा नव्हती. आसपासच्या वेगवेगळ्या गावांतल्या शाळांत पायी जाऊन वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे अमरावती आणि मग नागपूर. मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये ते बी. ए. झाले, १९४० मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. घरात गोरमाटी बोलणारा, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी शिकलेला हा तरुण नागपुरातच वत्सला घाटे यांच्या परिचयात आला. घाटे कुटुंब ब्राह्मण. १९४१ साली दोघांनी विवाह केला आणि दोन्हीकडचे लोक संतापले. नागपूरच्या पांढरपेशा घराला हा संबंध मान्य नव्हता, तसा तांड्यालाही नव्हता. काही काळ बहिष्काराची झळ त्यांनी सोसली. वत्सलाबाई पुसदला आल्या आणि तिथल्या होऊन राहिल्या. या विवाहाबद्दल वसंतरावांनी पुढील आयुष्यात फारसा गाजावाजा केल्याचे दिसत नाही. समाजसुधारणेची भाषणे त्यांच्या काळात पुष्कळांनी केली. ज्यांनी घरात ती करून दाखवली, ते बहुधा गप्पच राहिले.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली केली आणि लवकरच पुसदला स्वतंत्र बस्तान बसवले. सावकारी, जमिनीचे तंटे, कुळांची भांडणे हेच तिथले खटले. कोर्टाच्या आवारात बसलेला शेतकरी कर्जात कसा शिरतो आणि जमीन त्याच्या हातून कशी जाते, याचे जेवढे शिक्षण त्यांना पुसदच्या कोर्टात मिळाले, तेवढे पुढे मंत्रालयातल्या कुठल्याही फाइलीने दिले नसेल. पुसद कृषी मंडळाचे अध्यक्षपद, १९४६ पासून नगरपालिकेचे अध्यक्षपद अशी त्यांची वाट होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून आमदार झाले. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि नाईक मुंबईला गेले. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात आधी सहकार, मग कृषी आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर महसूल अशी खाती त्यांच्याकडे आली.

या काळातले त्यांचे एक काम मात्र घाईने ओलांडून जाता येत नाही. सत्ता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पातळीवर कशी न्यावी, हे ठरवण्यासाठी १९६० मध्ये समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष नाईक होते. त्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आज जिल्हा परिषदेच्या राजकारणाला नावे ठेवणे सोपे आहे. पण दहा वर्षांनी दुष्काळ आला, तेव्हा गावोगाव काम उभे करायला जी यंत्रणा हाताशी होती, तिच्यात या निर्णयाचा मोठा वाटा होता.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी निधन झाले. ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तडजोडीचा उमेदवार, थोड्या दिवसांचा पाहुणा, असेच अनेकांना वाटले होते. तो पाहुणा अकरा वर्षांहून अधिक राहिला. सलग इतका काळ हे पद सांभाळण्याचा मान महाराष्ट्रात अद्याप दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. मलबार हिलवरच्या ज्या बंगल्यात ते मंत्री म्हणून राहत होते, तेथेच ते मुख्यमंत्री झाल्यावरही राहिले. त्या बंगल्याचे नाव वर्षा. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या मुलखातून आलेल्या कुटुंबाने हे नाव निवडले, असे सांगितले जाते. मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान म्हणून ते पुढे रूढ झाले.

नाईक सत्तेवर आले तेव्हा देशाचे पोट अमेरिकेच्या जहाजांवर भरत होते. पीएल-४८० या कराराखाली गहू येत होता आणि तो येण्यास उशीर झाला की दिल्लीतले चेहरे उतरत होते. महाराष्ट्राची स्थिती आणखी अवघड. बहुतांश शेती कोरडवाहू, सिंचन थोडे, मुंबईसारखे अवाढव्य शहर पोसायचे. त्यातच १९६५ चा पाऊस दगा देऊन गेला. त्याच साली पुण्यात बोलताना नाईकांनी जाहीर केले, की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही, तर आपल्याला शनिवारवाड्यासमोर फाशी द्यावे. संयमी, फारसा आवाज न चढवणाऱ्या, पाइप ओढत शांतपणे ऐकून घेणाऱ्या या मुख्यमंत्र्याच्या तोंडी ती भाषा अनपेक्षित होती. त्यामुळेच ती लोकांच्या लक्षात राहिली.

हे बळ त्यांना संकरित ज्वारीने दिले होते. सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. ठेंगणे ताट, लवकर येणारे पीक, खत आणि पाणी मिळाले तर देशी ज्वारीच्या कितीतरी पट उतारा. नाईकांनी ते डोक्यावर घेतले. शेतकऱ्यांचे मेळावे भरवले, बियाणे आणि खत गावापर्यंत जावे म्हणून यंत्रणा कामाला लावली, अधिकाऱ्यांना बांधावर पाठवले आणि स्वतःही गेले. मुख्यमंत्री बियाण्याविषयी, पेरणीच्या अंतराविषयी, खताच्या मात्रेविषयी बोलतो, याचे शेतकऱ्यांना अप्रूप होते. उत्पादन वाढले. पण दोन वर्षांत स्वयंपूर्णता काही आली नाही. महाराष्ट्राची धान्याची तूट संपली नाही, आणि फाशीची आठवण विरोधक अधूनमधून करून देत राहिले.

हायब्रीडबद्दल शेतकऱ्यांच्या घरात काय चालले होते, ते सरकारी आकड्यांत दिसत नव्हते. पहिली तक्रार बैलांची. ताट ठेंगणे, म्हणजे कडबा थोडा. माणसाची कणगी भरली तरी गोठ्यातली वैरण फाल्गुनातच संपायला लागली. दुसरी तक्रार चुलीपाशी बसलेल्या बायकांची. देशी ज्वारी पाऊस उघडल्यावर पक्व व्हायची; ही लवकर यायची आणि परतीच्या पावसात सापडायची. कणसावर बुरशी चढून दाणा काळा पडायचा. त्या पिठाची भाकरी काळपट, चवीला उतरलेली. चांगल्या दाण्याची भाकरीही देशी ज्वारीसारखी गोड लागत नाही, असेच म्हणणे होते. हायब्रीड हा शब्द वऱ्हाडात चेष्टेचा झाला तो तेव्हापासून. दिसायला भरीव आणि आतून पोकळ अशा कशालाही, माणसालासुद्धा, लोक हायब्रीड म्हणू लागले. ज्याच्या आजोबांच्या तांड्यात बैलाची वैरण हा जगण्याचा पहिला प्रश्न होता, त्याच्याच कारकिर्दीत ही तक्रार निघावी, हा योगायोग चमत्कारिकच म्हणायचा. पण भुकेला माणूस समोर असताना मुख्यमंत्र्याने आधी कणसाकडे पाहिले, यात नवल नाही.

सरकारने ज्वारीची एकाधिकार खरेदी केली, लेव्ही बसवली. शहरातल्या रेशन दुकानांपर्यंत धान्य पोचण्यासाठी ती आवश्यक होती. खळ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र तो आपल्याच मुख्यमंत्र्याचा जाच वाटला. आपल्याच माणसाविषयीची नाराजी त्याहून तीव्रपणे प्रकटली ती १९६७ साली, कृषी विद्यापीठाच्या प्रश्नावर. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ राहुरीला जाणार, हे कळताच वऱ्हाड पेटला. अकोल्यात गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. मुख्यमंत्री वऱ्हाडचा आणि गोळ्या वऱ्हाडातच, ही सल पुष्कळ वर्षे टिकली. राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये झाले, अकोल्याचे १९६९ मध्ये. अकोल्याच्या विद्यापीठाला नाव मिळाले ते नाईकांच्या वकिलीतल्या गुरूचे, पंजाबराव देशमुखांचे. १९७२ मध्ये दापोली आणि परभणी येथेही विद्यापीठे झाली. एका राज्यात चार कृषी विद्यापीठे निघाली, त्यामागे नियोजनाइतकेच ते आंदोलनही होते, हे कृषी दिनाच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही.

मुंबईचे राजकारण हा त्यांच्या कारकिर्दीचा वेगळा अध्याय. शिवसेनेच्या वाढीकडे त्यांनी काणाडोळा केला, कम्युनिस्टांना शह देण्यासाठी तिला मोकळीक दिली, असा आरोप त्यांच्यावर झाला आणि वसंतसेना असा टोमणाही त्यातून निघाला. तो आरोप पूर्णपणे खोडून काढणे त्यांच्या समर्थकांनाही जमलेले नाही. या लेखाचा विषय तो नसल्याने त्याच्या तपशिलात शिरत नाही.

मार्च १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. नाईकांच्या राजकीय आयुष्यातले ते शिखर. त्यानंतर तीनच महिन्यांनी मृग कोरडा गेला.

आधीची दोन वर्षेही धड नव्हती. १९७० आणि १९७१ चा पाऊस अनेक जिल्ह्यांत अपुरा पडला होता. घरातले धान्य आणि गाठीचा पैसा तेव्हाच संपत आला होता. १९७२ च्या पावसाने उरलीसुरली आशा नेली. मराठवाडा, नगर, सोलापूर, पुणे, सांगली, साताऱ्याचा पूर्व भाग होरपळून निघाला. वऱ्हाडाला त्याची झळ तुलनेने कमी बसली. पण वाशीमच्या दक्षिणेला मराठवाड्याची हद्द लागते आणि दुष्काळ काही हद्द पाहून थांबत नाही. अनसिंगसारख्या गावांना पिके करपण्याचा, विहिरी आटण्याचा अनुभव होताच. शिवाय हद्दीपलीकडून काम शोधत येणारी माणसे आणि मिळेल त्या भावाने विकायला आणलेली गुरेही बाजारात दिसू लागली. बैल विकायला निघालेला शेतकरी ही दुष्काळाची शेवटची पायरी मानतात. त्याच्या मागे विकण्यासारखे फक्त जमीन असते.

सरकारपुढे दोन मार्ग होते. इंग्रजांच्या काळापासून दुष्काळ पडला की अन्नछत्रे उघडायची, तगाई वाटायची आणि पावसाची वाट पाहायची. नाईकांनी दुसरा मार्ग धरला. हाताला काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि काम असे निवडायचे की पुढच्या दुष्काळात ते उपयोगी पडेल. या विचाराचे मूळ श्रेय विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांना जाते. त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग आधीच करून पाहिला होता. योजना पाग्यांची, पण तिजोरी रिकामी असताना ती सबंध राज्यावर लावण्याचा धोका पत्करणारा मुख्यमंत्री लागतो, तो नाईकांच्या रूपाने मिळाला. विकासाची इतर कामे बाजूला ठेवून पैसा दुष्काळी कामांकडे वळवला गेला. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांधबंदिस्तीकरण, रस्ते. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. एवढी माणसे एकाच वेळी सरकारी मस्टरवर असल्याचे उदाहरण त्याआधी देशात नव्हते.

त्या कामांचे जे वर्णन लोक करतात, त्यात सर्वांत आधी धूळ येते. हजार-दोन हजार माणसे एका माळावर टिकाव घेऊन उभी. खोदणारे पुरुष, घमेली वाहणाऱ्या बाया, दगडाच्या ढिगापाशी बसून खडी फोडणारी म्हातारी माणसे. जमिनीत ओल नावालाही नव्हती, त्यामुळे टिकावाच्या प्रत्येक घावाला धुरळा उठायचा. दुपारचा वारा सुटला की माळावरचे माणूस माणसाला दिसत नसे. ज्यांच्या घरातली बाई कधी उंबऱ्याबाहेर मजुरीला गेली नव्हती, अशी घरेही पदर डोक्यावर ओढून त्या धुळीत उतरली; पाटील आणि त्याचा सालगडी एकाच मस्टरवर अंगठे देऊ लागले. लहान मुले झाडाखाली, झाड नसेल तर गाडीच्या सावलीत. मजुरी मोजमापावर, आणि मोजमाप मुकादमाच्या मर्जीवर. पगार आठवडे न् आठवडे थकल्याच्या तक्रारी होत्या, मस्टरवर खोटी नावे असल्याच्याही होत्या. मजुरांनी मोर्चे काढले, संप केले. नाईकांच्या कारभाराची बाजू मांडताना हेही सांगितले पाहिजे.

आणि मग भाकरी. राज्याचे धान्य उत्पादन निम्म्याच्या आसपास आले होते. केंद्राकडे मागितलेले धान्य पुरेसे मिळत नव्हते. जे मिळे त्यात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी होती. तिचे नाव मिलो. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांसाठी पिकवतात, ही माहिती गावात कुणी आणली कोण जाणे, पण ती वाऱ्यासारखी पसरली. दाणा टणक, पीठ तांबूस, चव तुरट. देशी ज्वारीच्या पिठाला आधणाचे पाणी घातले की ते परातीत चिकट होऊन मळले जाते; मिलोचे पीठ जुळून येत नसे. थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या, तव्यावर उचलताना ती मोडायची. बायकांनी त्यावर उपाय काढले. पीठ आधणात उकडून घ्यायचे, असलेच तर मूठभर देशी ज्वारीचे पीठ मिसळायचे, नाहीतर भाकरीचा नाद सोडून कण्या शिजवायच्या. मिलोचे नाव काढले की त्या पिढीच्या तोंडावर आजही एक विशिष्ट भाव येतो. पण ती खाल्ली, हेही सारे कबूल करतात.

त्या दिवसांचा एकच गोड घास म्हणजे सुकडी. गहू किंवा मक्याचे पीठ, शेंगदाणे, गूळ यांची कोरडी, चुरा होणारी वडी. कामावरच्या मजुरांना आणि मुलांना ती वाटली जाई. मुले तिच्यासाठी रांगेत उभी राहत आणि घरी असलेल्या धाकट्या भावंडांसाठी फडक्यात बांधून नेत. मिलो आणि सुकडी या दोन शब्दांवर महाराष्ट्राच्या एका सबंध पिढीची ओळख पटते. ज्यांना ते ठाऊक नाहीत, ते नंतरचे.

शहरातही चूल धड पेटत नव्हती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने १९७२ मध्ये महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती स्थापन झाली आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. गोडेतेल, साखर, रवा रेशनवर मिळावा, एवढ्या साध्या मागण्या होत्या. खेड्यात घमेली आणि शहरात लाटणी, अशा कात्रीत नाईकांचे शेवटचे मोठे वर्ष गेले. सर्वत्र माणसे फिरत होती, उपाशी होती, आजारी पडत होती. तरीही इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळांत गावेच्या गावे ओस पडली, तसे १९७२-७३ मध्ये घडले नाही. देशविदेशातल्या अर्थशास्त्रज्ञांनी या दुष्काळाचा अभ्यास केला तो याच कारणासाठी. एवढे पीक बुडूनही भूकबळींचे थैमान का झाले नाही, याचे उत्तर त्यांना मस्टरवर सापडले. मजुरी हातात होती, म्हणून माणूस मिळेल ते धान्य विकत घेऊ शकत होता. मिलोची भाकरी कडू असली तरी ती मागून आणलेली नव्हती.

दुष्काळ ओसरला तसे नाईकांचे राजकीय आयुष्यही ओसरू लागले. कापूस एकाधिकार खरेदी योजना त्यांच्याच सरकारने १९७२ मध्ये आणली होती. वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाला व्यापाऱ्याच्या काट्यापासून सोडवण्याचा तो प्रयत्न. पुढे ती तोट्यात रुतली, ही वेगळी कथा. फेब्रुवारी १९७५ मध्ये पक्षश्रेष्ठींच्या इच्छेनुसार त्यांनी राजीनामा दिला आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. बंडाची भाषा त्यांनी केली नाही, रुसवाही दाखवला नाही.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत आणीबाणीच्या रागाने उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली. त्या निवडणुकीत नाईक वाशीम मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. अनसिंगच्या मतदारांनी त्यांना थेट मत दिले ते या वेळी. मुख्यमंत्री म्हणून ते पुसदचे आमदार होते. वाशीमचे खासदार ते अवघी अडीच वर्षे राहिले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २६ जानेवारीपासून रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात अमलात आला होता. काम मागण्याचा हक्क कायद्याने देणारे ते देशातले पहिले राज्य. तसा देशव्यापी कायदा संसदेने केला तो २००५ मध्ये, नाईकांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी.

त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी जलसंधारणाचा विषय हाती घेतला. काकांच्या काळात मजुरांनी खोदलेल्या पाझर तलावांचा तो पुढचा टप्पा होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये, जन्मशताब्दी वर्षात, वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. वाशीम हा लोकसभा मतदारसंघ मात्र २००८ च्या फेररचनेत नाहीसा झाला. यवतमाळशी जोडून नवा मतदारसंघ झाला.

बहात्तरच्या कामांतले काही तलाव गाळाने भरले, काही फुटले, काहींत अजून पाणी ठरते. खडीच्या त्या रस्त्यांवर डांबर चढून किती थर झाले, ते मोजायला आता कुणी उरलेले नाही. अनसिंगच्या शिवारात खरिपाला नजर जाईल तिकडे सोयाबीन दिसते, मधून तुरीच्या ओळी. ज्या ज्वारीसाठी मुख्यमंत्र्याने फाशीची भाषा केली, ती हायब्रीडही गेली आणि देशीही जवळजवळ गेली. कडबा नाही म्हणून बैल कमी झाले आणि बैल कमी झाले म्हणून कडब्याची गरज उरली नाही. घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला भाकरीच लागते, तेवढ्यापुरती ज्वारी आठवडी बाजारातून किलोच्या भावाने विकत आणतात. घेण्याआधी ती माणसे दाणा तळहातावर घेतात, उन्हाकडे धरून त्याचा रंग बघतात आणि मगच पिशवी पुढे करतात.